अंकलिपी घेताना आधी पाउणकीचं पान उघडा

जून जवळ आला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून तालुक्याच्या बाजारातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांपर्यंत सगळीकडे गल्ल्याशेजारी अंकलिपीचा गठ्ठा येऊन पडतो. जत्रेत फुगेवाल्याच्या बाजूलाही ती मिळते. रंगीत कव्हर, आत बाराखडी, मुळाक्षरांची चित्रं, बे ते तीसचे पाढे, वार, महिने, ऋतू. आणि मागे कुठेतरी कोंबलेली दोन-तीन पानं: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. त्यांच्या पाठोपाठ 'एकं दहं शतं' आणि नशीब असेल तर जुनी वजनं-मापं.

हे परीक्षण त्या मागच्या पानांचं आहे. पुढची पानं सगळ्या प्रकाशकांची थोड्याफार फरकाने सारखीच असतात. 'ज्ञ' ला ज्ञानेश्वर की ज्ञानी, एवढाच काय तो वाद. खरा फरक मागे पडतो आणि गिऱ्हाईक नेमकं तेच पान न बघता पैसे देऊन मोकळं होतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. अंकलिपी अवश्य घ्यावी, पण या पानांसाठी घ्यावी, आणि दुकानात उभ्या उभ्या चार-पाच ठिकाणी बोट ठेवून तपासून घ्यावी. मागची पानं नसलेली अंकलिपी नुसतं चित्रांचं पुस्तक आहे. तेवढ्या पैशात त्याहून चांगली चित्रं मिळतात.

आता ही पानं इतकी मोलाची का, ते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही नुसती नावं नाहीत, त्या शब्दांतच हिशोबाची कृती आहे. पाव म्हणजे संस्कृत 'पाद', चार पायांपैकी एक. 'पाद' उणा केला की 'पादोन', त्याचं झालं पाऊण. 'पादासह' ते 'सपाद', त्याचं सव्वा. 'सार्ध' म्हणजे अर्ध्यासकट, त्याचं साडे. पाऊण मधला हा 'ऊन' आणि एकोणीस मधला 'ऊन' एकच: एकाने उणे वीस, पावाने उणे एक. वजाबाकीच्या चिन्हाला आपण आजही उणेच म्हणतो.

निमकीतला 'नीम' मात्र फारसीकडून आला, निम्मा त्याचाच. दरबारी हिशोबाची भाषा फारसी होती, त्यामुळे 'अर्धा' घरात राहिला आणि 'निमे' पाढ्यात गेलं. 'हजार'ही असाच, 'सहस्रा'ला मागे सारून बसलेला.

दीड आणि अडीच यांची गंमत वेगळी. दीड म्हणजे 'द्व्यर्ध': दुसरा अर्धा. पहिला पुरा आहे हे गृहीतच धरलेलं, दुसऱ्याचा फक्त अर्धा घेतला. प्राकृतात 'दिवड्ढ', मग दीड. अडीच म्हणजे 'अर्धतृतीय': दोन पुरे, तिसरा अर्धा, प्राकृतात 'अड्ढाइज्ज'. त्याच चालीने 'अर्धचतुर्थ', प्राकृतात 'अद्धुट्ठ', जुन्या मराठीत अहुट आणि औट: तीन पुरे, चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी 'मोटकी औट वळणी' निजलेली आहे ती याच हिशोबाने साडेतीन वेढ्यांची. हिंदीच्या जुन्या पाढ्यांत साडेतीनाचा 'हूँठा' आहे, तो औटाचाच भाऊ. तिथे गाडी आणखी पुढे जाऊन साडेचाराचा 'ढोंचा'ही होतो. मराठी औटावर थांबली आणि पुढे साडेचार, साडेपाच अशी सरळ वाट धरली.

हे शब्द किती जुने, याचा पुरावा दगडावर आहे. अशोकाच्या लघु शिलालेखात, मध्य प्रदेशातल्या रूपनाथच्या प्रतीत, 'अडीच वर्षांहून अधिक' असं म्हणताना 'अढतियानि' येतं आणि 'दीडपट वाढेल' म्हणताना 'दियढिय'. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला हा मजकूर आहे आणि त्यातले दोन शब्द आपण भाजी घेताना वापरतो. ही रीत फक्त आपल्याकडचीच असंही नाही. रोमन लोकांचं 'सेस्टर्शियस' हे नाणं मुळात अडीच 'अस' (त्यांचं लहान नाणं) किमतीचं होतं, आणि नावाची फोड 'सेमिस' अधिक 'तेर्तिअस', अर्धा तिसरा. थेट आपला अर्धतृतीय.

यातलं एक अक्षरही अंकलिपीत छापलेलं नसतं, ही माझी पहिली तक्रार. पाढ्याच्या वर एक ओळ दिली असती, 'पाऊण म्हणजे पाव कमी एक', तर मुलाला सात पाढे पाठ करावे लागले नसते. खरं पाठांतर फक्त पावकीचं. बाकीचे सहा तिच्यातून निघतात. निमकी म्हणजे पावाची दुप्पट. पाउणकीला आकड्यातून त्याचा पाव वजा करा: साताचा पाव पावणेदोन, सातातून गेला की सव्वापाच. सवायकीला तोच पाव मिळवा: सात अधिक पावणेदोन, पावणेनऊ. दिडकीला निम्मे मिळवा, सात दिडे साडेदहा. अडीचकीला दुप्पट करून निम्मे मिळवा: चौदा आणि साडेतीन, साडेसतरा. औटकीला तिप्पट करून निम्मे: एकवीस आणि साडेतीन, साडेचोवीस. हे एकदा समजलं की मिठाईच्या दुकानात कॅल्क्युलेटर काढायला लागत नाही. पेढे ५६० रुपये किलो असतील तर पाव किलोचे १४०, पाऊण किलोचे ५६० वजा १४० म्हणजे ४२०, सव्वा किलोचे ७००, दीड किलोचे ८४०, अडीच किलोचे ११२० आणि २८० मिळून १४००.

आता तपासणी. दुकानात गेलात की पाउणकी उघडा आणि चौथी, सातवी, नववी ओळ बघा. चोक पाउणे तीन, सात पाउणे सव्वापाच, नऊ पाउणे पावणेसात. सवायकीत तिसरी ओळ पावणेचार, पाचवी सव्वासहा, नववी सव्वाअकरा. औटकीत तिसरी साडेदहा, नववी साडेएकतीस. म्हणायची चाल जिल्ह्यागणिक बदलते, 'त्रिक' कुठे 'तीन' होतं, 'पाउणे' कुठे 'पाऊण', त्याला चूक म्हणू नका. उत्तर चुकलं तर प्रत परत ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो छपाईत. अपूर्णांक नीट जुळवायला वेळ नसला की पावणेदोन हे 'एक पूर्णांक तीन छेद चार' न दिसता '१३/४' असं सलग छापलं जातं. तेरा छेद चार म्हणजे सव्वातीन! अडीचचं '२१/२' झालं की साडेदहा. औटकीच्या तिसऱ्या ओळीतलं साडेदहा '१०१/२' असं आलं तर वाचणारा साडेपन्नासावर जाऊन पोचेल. पूर्णांक मोठा आणि अपूर्णांक बारीक, दोघांत फट, हे दिसलं तरच घ्या. काही प्रतींत १.७५, २.२५ असे दशांश दिलेले असतात. बरोबर आहे, पण पाढ्याचा जीव जातो. मूल 'एक पॉइंट सात पाच' म्हणतं आणि 'पावणेदोन' हा शब्द त्याच्या तोंडी येतच नाही. अक्षरात आणि अंकात, दोन्ही शेजारी शेजारी दिलेली प्रत मिळाली तर दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

जुन्या पद्धतीची खूणही एखाद्या अंकलिपीत असते: आकड्यापुढे उभी रेघ. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. रुपयाच्या हिशोबात आण्यांसाठी आडव्या रेघा होत्या, एका आण्याला एक, दोनाला दोन, तिनाला तीन. चौथ्या आण्याला पावाची उभी रेघ, कारण १६ आण्यांच्या रुपयात चार आणे म्हणजे पाव. जुन्या चोपड्या, खरेदीखतं वाचायची असतील त्यांनी ही खूण शिकावीच. पण नव्या छपाईत उभी रेघ आणि १ चा आकडा यांत फरक राहत नाही, त्यामुळे १॥ चे १११ वाचले जातात. हे पान असेल तर रेघ आकड्यापेक्षा उंच आणि बारीक आहे ना, बघून घ्या.

शिकवताना मुलं अडखळतात ती ठरलेल्या दोन जागी. पहिली: पावणेदोन ऐकलं की २.७५ लिहितात. कारण सरळ आहे. सव्वा आणि साडे ज्या आकड्याला लागतात तो होऊन गेलेला असतो, पावणे ज्याला लागतं तो अजून यायचा असतो. सव्वादोन दोनाच्या पुढे, पावणेदोन दोनाच्या अलीकडे. घड्याळ दाखवलं की हे दोन मिनिटांत बसतं. दुसरी: 'साडेएक' आणि 'साडेदोन'. मराठीत ते नाहीत, दीड आणि अडीच आहेत. 'पावणेएक'ही ऐकू येतं, पण पाऊण हा शब्द असताना त्याची गरज नाही. घड्याळात दुपारी पावणेबारा, बारा, सव्वाबारा, साडेबारा, मग पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच. 'सव्वा वाजला' म्हटलं की एक वाजून पंधरा मिनिटं. तिथे 'एक' उच्चारायचाच नाही. अंकलिपीत घड्याळाचं चित्र असतंच, फक्त ते बहुधा तीन, सहा, नऊ वाजलेलं दाखवतात. पाऊण वाजलेलं चित्र असलेली प्रत दिसली तर दोन घ्या, एक शेजाऱ्यांना द्या.

शेकडा-हजाराला हे शब्द कसे लागतात तेही मुलांना इथेच दाखवावं. शब्द एककाला धरतो. सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, पाऊणशे ७५, सव्वादोनशे २२५, अडीच हजार २५००, साडेतीन लाख ३,५०,०००, पावणेतीन लाख २,७५,०००. आणि मोठ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट: गावाकडे सावकारी व्याज सांगताना 'शेकडा दीड' किंवा 'दोन टक्क्याने' म्हणतात ते महिन्याचं असतं. शेकडा दीड म्हणजे वर्षाला १८ टक्के, दोन टक्के म्हणजे २४. बँकेचे १२ टक्के वर्षाचे असतात. आकडा लहान ऐकून सही करणाऱ्यांनी हे पान आधी वाचलेलं बरं, पण तेही अंकलिपीत छापत नाहीत.

'एकं दहं शतं' च्या पानाकडे वळू. इथे घोळ जुना आहे आणि प्रकाशकांचा सगळा दोष नाही. आपली यादी भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या (इ.स. ११५०) श्लोकाच्या वळणाची: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा स्थानं, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. बोलीत अयुताचं दशसहस्र, प्रयुताचं दशलक्ष, अर्बुदाचं दशकोटी झालं, बाकी साखळी तशीच. म्हणजे अब्ज लिहायला एकावर नऊ शून्यं, शंभर कोटी. खर्वाला दहा शून्यं, निखर्वाला अकरा, परार्धाला सतरा.

हिंदीत मात्र 'अर्बुद' वरून आलेला 'अरब' शंभर कोटींचा झाला आणि 'खर्व' वरून आलेला 'खरब' त्याच्या शंभरपट. म्हणजे हिंदीचा खरब एकावर अकरा शून्यांचा, आपला खर्व दहा शून्यांचा. हिंदी तक्त्यावरून मराठी पान उतरवलं की 'अब्ज, दश अब्ज, खर्व, दश खर्व' अशी यादी येते आणि तिथून पुढे सगळी शून्यं सरकतात. तपासणी सोपी: खर्वापुढची शून्यं मोजा. दहा असतील तर पान बरोबर, अकरा असतील तर ते हिंदीवरून उतरवलंय. 'दश खर्व' दिसलं की मोजायचीही गरज नाही. आपल्याकडे तिथे निखर्व हवा.

परार्ध हा शब्द यजुर्वेदातल्या यादीतही शेवटी येतो, पण तिथे तो एकावर बारा शून्यांचा आहे, कारण मधली नावं कमी आहेत. तेव्हा कुठल्या पोथीत परार्धाची किंमत वेगळी दिसली तर लगेच चूक म्हणू नका, यादी कुठली आहे ते बघा.

वजनं-मापांचं पान मला सगळ्यात आवडतं, आणि तेच सगळ्यात कमी प्रतींत सापडतं. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने आली, तशी ही पानं गळत गेली. पण शब्द बाजारात आहेत. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, त्यामुळे खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. आज 'पावशेर भेंडी' मागितली की भाजीवाली २५० ग्रॅम देते. इथे गिऱ्हाइकाचा फायदाच. सोन्यात उलटं: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाच्या बोलण्यातला आजचा तोळा १० ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या 'चार तोळ्यांच्या' असतील तर जुन्या मापाने त्या ४६ ग्रॅमच्या वर भरायला हव्यात. नवटाक म्हणजे नऊ टाक, शेराचा आठवा भाग, पावशेराच्या निम्मा. धान्याच्या मापांत दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. जमिनीला ४० गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१ च्या किंचित वर, त्यामुळे बोलताना दोन्ही सरसकट एकच धरतात. घरगुती अंदाजाला चालेल, खरेदीखताला नाही. हे पान असलेली अंकलिपी जुन्या दुकानात, खालच्या कप्प्यात सापडण्याची शक्यता जास्त.

पूर्णांकांच्या पाढ्यांबद्दल फार बोलत नाही, ते सगळीकडे बरोबर असतात. बे, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक हे शब्द मात्र शाबूत आहेत ना बघा: 'द्विगुणा'चं दुणे, 'चतुष्का'चं चोक, 'षट्का'चं सक. 'दोन गुणिले चार बरोबर आठ' असं छापलेलं पान पाठ होत नाही, त्याला ठेकाच नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' अशी सुटी वाचनपद्धत जोडली तेव्हा बराच गदारोळ झाला होता. त्रेसष्ट आणि शहात्तर मुलांना जड जातात हे खरंच आहे. अंकलिपी घरी असेल तर दोन्ही वाचता येतात: पुस्तकात साठ तीन, पाढ्यात त्रेसष्ट. एकोणनव्वद आणि नव्याण्णव इथे तर बोट ठेवून सांगावंच लागतं, कारण एकोणीस ते एकोणनव्वदपर्यंत चाललेली 'एक उणे'ची रीत शंभराच्या तोंडाशी मोडते. तिथे 'एकोणशंभर' होत नाही, संस्कृतातल्या 'नवनवति'वरून थेट नव्याण्णव येतं.

कागद आणि बांधणी: गुळगुळीत जाड पानांची प्रत दिसायला छान, पण तिच्यावर पेन्सिल उठत नाही. साध्या कागदाची, दोन पिनांची घ्या. पिना आतून वळवलेल्या आहेत ना, हात फिरवून बघा, नाहीतर मधलं पान महिन्याभरात सुटतं. मधल्या पानावर बहुतेक वेळा नेमकी सवायकी-दिडकीच असते.

घरी आणल्यावर पेनने चार दुरुस्त्या करून ठेवा. पाउणकीच्या डोक्यावर 'आकडा उणे पाव', सवायकीवर 'आकडा अधिक पाव', अडीचकीवर 'दुप्पट अधिक निम्मे', औटकीवर 'तिप्पट अधिक निम्मे'. औटकीच छापली नसेल, आणि हल्ली ती बऱ्याचदा नसते, तर मागच्या कोऱ्या पानावर स्वतः लिहा: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस.